ठकूताईची बिनगिअरची सायकल

ठकूताईनं सायकल घेतली तेव्हा आमच्या वयाच्या बाकीच्या बायका गुडघ्याचे पट्टे घेत होत्या. मीही घेतला होता. त्यामुळं शिरूरच्या आमच्या आळीत ही बातमी कुणाच्याच पचनी पडली नाही, आणि माझ्या तर मुळीच नाही.

आमच्या दोघींच्या घरांना मधली भिंत एकच. तिच्याकडं लसणीची फोडणी पडली की मला कळायचं आणि माझं मशीन थांबलं की तिला. मी घरी ब्लाउज शिवते. ठकूताई अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा लवकर गेला, मुलगा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत लागला आणि बायकोला घेऊन दौंडला राहायला गेला. ठकूताई इथंच राहिली. तिचं माहेर धनगराचं. बाप मेंढरांमागं फिरलेला, भाऊ मात्र आता विहीर खणून, ऊस लावून घरात बसलेले. "भावांचं पाय घरात रुजलं, माझं न्हाई रुजलं," असं ती म्हणायची.

आणि ते खरंच होतं. आमच्यात बाईला घराबाहेर पडायचं तर हातात पिशवी लागते. काम नसलं तरी पिशवी घ्यायची, म्हणजे कुणी विचारलं की कोथिंबीर म्हणून सांगता येतं. निवृत्त झाल्यावर ठकूताई संध्याकाळी मोकळ्या हातांनी निघायची. कुणी विचारलं, "मावशी, कुठं निघाला?" की म्हणायची, "कुठंच न्हाई." हे 'कुठंच न्हाई' ती इतक्या मोकळेपणानं म्हणायची की विचारणाराच ओशाळायचा. मी पिशवी घेऊन जायची आणि कोथिंबीर घेऊन यायची. आमच्या घरी त्या काळात फार कोथिंबीर व्हायची.

एक दिवस ती दारात येऊन म्हणाली, "सुमे, चल. सायकल घ्यायचीय."

"कुणाला?"

"मला."

"कशाला गं? डबे-बिबे सुरू करतीस का?"

"डबे न्हाईत. हिंडायला. पाय म्हणत्यात, जरा लांब जाऊ. तू चल, तुला रंगातलं कळतं."

मुनीरभाईंचं सायकलचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. त्यांनी लगेच एक गिअरवाली काढून पुसली. "मौशी, ही घ्या. आता समदी हीच नेत्यात. चढाला हलकी जाती."

"शिरूरात चढ कुठं हाय?"

"पुलाकडनं येताना थोडा हाय की."

"तेवढ्याला मी उतरीन. जेवढी बटणं, तेवढी दुखणी. बिनगिअरची दावा."

मुनीरभाई म्हणाले, बसून तरी बघा. पण ठकूताई बसली नाही. तिनं सायकलचा हँडल धरला आणि सायकल घेऊन रस्त्यानं चालू लागली. मला वाटलं, हिला काही झालं. मग मला त्याचं कारण कळलं. तिच्या माहेरी मेंढरांबरोबर संसार वाहायला घोडी असायची. बाजारात घोडी घेताना तिचा बाप कधी पाठीवर बसला नाही. लगाम सैल धरायचा, घोडीला बाजारातून चालवत न्यायचं, गर्दीतून, कुत्र्यांमधून, आणि ती कशी येते ते बघायचं. "बसल्यावर घोडं समद्यांचंच ऐकतंय," ठकूताई म्हणाली. "आपल्या संगट चालतंय का, ते बघायचं आस्तंय."

पहिली सायकल तिनं चौकातनंच परत आणली. "लई कटकट करती." दुसरी होती ती वाकून चालवायची, खाली वळलेल्या हँडलची. "हिच्यावर बसायचं म्हंजी रस्त्याच्या पाया पडत जायचं." तिसरीला पुढं स्प्रिंगा होत्या. "ही उगं उड्या मारती. माझ्या संगट कोण चालणार, ही का मी?" दुकानात पंक्चर काढणारा बिहारी कारागीर हसून हसून लाल झाला. "मौसी, साइकिल है, शादी थोड़ी करनी है," तो म्हणाला. ठकूताई त्याला म्हणाली, "लग्न नीट बघून न्हाई केलं बाबा, म्हणून तर ही बघती."

मग तिला मागं कोपऱ्यात, ट्यूबांच्या ढिगाआड एक दिसली. कच्च्या पेरवाच्या रंगाची. मधला दांडा खाली उतरलेला, म्हणजे लुगड्यातही पाय टाकता यावा. हँडल रुंद आणि मागं आपल्याकडं वळलेला, सीट पसरट, टायर जाड. गिअर एकही नाही. मुनीरभाई नाखुशीनं म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या. पुण्याच्या एका पार्टीनं मागवली आन् न्यायला कोण आलंच न्हाई. शहरात नुसतं फिराय घेत्यात असली. हितं काय उपेग?"

"मला तरी काय उपेग पायजेल?" ठकूताई म्हणाली आणि ती घेऊन निघाली. बसस्टँडपर्यंत गेली, एसटीच्या आणि सहाआसनी रिक्षांच्या गर्दीतून. मुनीरभाई पायरीवर उभे राहून टाचा उंच करून बघत होते. गिऱ्हाईक सायकल घेऊन पायी पळून जातंय असं त्यांना वाटलं असावं. ती परत आली तेव्हा तिचा एकच हात हँडलवर होता. "हीच," ती म्हणाली. "सरळ चालती आन् मान वर ठेवती."

मी म्हटलं, लाल मिळाली असती तर बरी दिसली असती. ती म्हणाली, "व्हय, तुझं खरं हाय," आणि हिरवी घेतली. मला नेलं होतं ते रंगासाठी. मी घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर उगाच चिडले.

गंमत पुढंच होती. नवी घोडी आणली की तिच्यावर लगेच बसत नाहीत, आधी ओळख होऊ देतात. ठकूताईनं सायकललाही तोच नियम लावला. रोज संध्याकाळी ती सायकल हातात धरून पुलापर्यंत चालत जायची आणि चालत परत यायची. सारी आळी हसायची. "मावशी, पंक्चर हाय का?" "मावशी, सायकल आजारी हाय का, दवाखान्यात चालला?" ती म्हणायची, "वळख व्हतीय." मी खिडकीतल्या मशीनवरून बघायची आणि मनात म्हणायची, बरं झालं, हिचं हसं झालं. आणि मग बघायची तर हसणाऱ्यांच्यात ती स्वतःही असायची, त्यामुळं माझी मजा जायची.

शेवटी शाळेच्या मैदानावर ती पहिल्यांदा बसली. मागून सीट धरायला कोण होतं? आमचे हे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून ज्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा उठून घेतला नव्हता, ते शर्ट घामानं भिजेपर्यंत ठकूताईच्या मागं पळत होते. "पुढं बघा ताई, पुढं! चाकाकडं न्हाई!" लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यामागं हा माणूस कधी पळाला नव्हता. ती पडावी असं मला वाटत होतं. ती पडलीसुद्धा, दोनदा, आणि मैदानात मांडी घालून हसत बसली.

मग ती चालवायला लागली. तिची चाल मी अजून डोळ्यांपुढं आणू शकते. पाठ ताठ, हात रुंद पसरलेले, पदर कमरेला खोचलेला. घाई मुळीच नाही. मागून कंपनीच्या बसा येऊन हॉर्न द्यायच्या तरी तिची चाल वाढायची नाही आणि कमीही व्हायची नाही. ओट्यावर बसून गप्पा मारत असावी तशी ती चालत्या सायकलवर बसायची. पुलाच्या मध्यावर थांबायची, घोड नदीकडं थोडा वेळ बघायची आणि परत यायची. हातात काही नसायचं.

मला तिचा हेवा वाटायचा. आणि त्यातलं सगळ्यांत वाईट म्हणजे तिला माझा वाटत नव्हता. हेवा करायचा तर समोरच्यानंही आपला थोडा करावा, तर त्यात काही चव. आमच्याकडं मोठा फ्रीज आला तेव्हा मी मुद्दाम तिला दाखवायला बोलावलं. तिनं दार उघडून आत हात घातला, म्हणाली, "थंडगार! बरं झालं बाई, आता तुझी आमटी आंबायची न्हाई." मनापासून म्हणाली. एका दिवाळीला मी पाटल्या केल्या, त्या हातात घालून तिच्यापुढं चहाचा कप तीनदा सरकवला. ती म्हणाली, "सुमे, तुझ्या हाताला सोनं शोभतं," आणि साखर मागितली. अशा बाईचं काय करायचं?

मग मी सायकल घेतली. हसू नका. माझं माहेर दौंडचं. भावाला सांगून तिथूनच आणली, म्हणजे मुनीरभाईंना नको कळायला. लाल, गिअरवाली, दुकानातली सगळ्यांत देखणी. लहानपणी भावाच्या सायकलवर मी अर्धं पेडल मारायची, त्यामुळं तोल होता. गिअरचं मात्र काही कळत नव्हतं. एक खटका ओढला की पाय हवेत गरगरायचे आणि सायकल तिथंच. दुसरा ओढला की मांड्या फाटायची पाळी. बाजाराच्या दिवशी बसस्टँडसमोर मी दोन्ही खटके एकदम ओढले आणि चेन पडली. भाजीवाल्या बायका बघत होत्या. चेन चढवायला गेले तर हात काळे, साडी काळी.

समोरून ठकूताई आली. उतरली, आपली सायकल माझ्या सायकलशेजारी आणली आणि म्हणाली, "चल, जाऊ हळूहळू." घरापर्यंत आम्ही दोघी दोन सायकली हातात धरून चालत आलो. तिची चांगली धडधाकट होती, तरी ती बसली नाही. वाटेत कुणी हसलं तर म्हणायची, "वळख व्हतीय." माझी लाज तिनं आपल्या अंगावर घेतली, आणि त्याबद्दलही मला तिचा रागच आला. लाल सायकल पुढच्याच महिन्यात भाच्यानं नेली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग माझ्या मुलाचं लग्न झालं आणि आमच्या घरात दीपाली आली.

दीपाली माझी सून. माहेर कारेगावचं, नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत, मशीनवर पार्ट तपासायची. हुशार, कमी बोलणारी. मला मुलगी नाही. सून आली की ती शेजारी बसेल, मी काज करीन, ती बटणं लावील, आम्ही बोलत राहू, असं मी किती दिवस मनात रंगवलं होतं. दीपाली शिफ्ट करून यायची, चहा घ्यायची, "आई, काही करायचंय का?" विचारायची, आणि मी नाही म्हटलं की शेजारी जायची. भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. माझ्या घरात ती असं कधी हसली नव्हती. मग ठकूताईनं तिला सायकलवर बसायला दिलं, आणि संध्याकाळी पुलापर्यंत दोघी जायला लागल्या. एकजण चालवायची, एकजण चालायची, परत येताना अदलाबदल. मी मशीनची सुई मोडायची.

लग्नानंतर वर्षभरात दीपालीला दिवस गेले होते आणि ते टिकले नव्हते. त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी बोलत नव्हतं. एक दिवस मी ठकूताईकडं विरजण मागायला गेले, तर ती उन्हात आवळे वाळत घालत होती. मी सहज म्हटलं, "एवढे कुणाला?" ती म्हणाली, "दीपालीला. तिला मळमळतंय ना." आणि मग माझं तोंड बघून थांबली.

मला माहीत नव्हतं. माझ्या घरातली गोष्ट, आणि भिंतीपलीकडं आवळे वाळत होते.

मी तिथंच उभी राहून वाटेल ते बोलले. शेवटी म्हटलं, "माझ्या घरात तू सासू होऊ नकोस."

ठकूताईनं आवळ्याचे हात पदराला पुसले. "न्हाई होत बाई," ती म्हणाली. "मला माझ्याच सुनंनं होऊ दिली न्हाई. तुझ्या घरात कुठनं होऊ?"

तेव्हा रागात मी त्याकडं लक्ष दिलं नाही. मी घरी येऊन दीपालीला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती खाली बघत म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही सगळ्या आळीला पेढे वाटले होते, आई. नंतर मला प्रत्येकीला सांगत बसावं लागलं." तिचा आवाज चढला नव्हता.

त्या दिवसानंतर ठकूताई आमच्याकडं आली नाही. दीपाली मात्र हळूहळू माझ्या मशीनपाशी येऊन बसायला लागली. दुखतंय, झोप येत नाही, सुपरवायझर बसायला खुर्ची देत नाही, असं काहीबाही सांगायची. मी मनात फुलले. जिंकले म्हटलं. एकदा मी तिच्या केसांना तेल लावत असताना ती म्हणाली, "ठकूमावशी म्हणाल्या होत्या ते खरंय."

"काय म्हणाली?"

"की तुझ्या सासूला सांग समदं. बडबडती, पण तुझ्यासाठी जीव टाकंल."

माझी सूनसुद्धा मला त्या बाईच्या शिफारशीनं मिळाली होती. तेल लावता लावता मला रडायला आलं. ते सगळं आनंदाचं नव्हतं.

नात झाली. ठकूताई दारातून बघून गेली, बाळाच्या पायाला हात लावला, आत आली नाही. त्याच सुमाराला तिला चक्कर यायला लागली. एकदा पुलावर सायकलसकट कलंडली. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं बिघडलंय, आता सायकल बंद, आणि एकटं राहणंही बंद. दौंडहून मुलाचा फोन आला की घेऊन जातो. सून काय म्हणाली ते कुणी विचारलं नाही. इतक्या वर्षांत ती सून शिरूरला सणालासुद्धा राहिलेली मी पाहिली नव्हती, आणि ठकूताई दौंडला गेली तर दुसऱ्या दिवशी परत असायची. "तिथं मला बसायला जागा सापडत न्हाई," एवढंच म्हणायची.

सायकल तिनं दीपालीला दिली. आमच्या ओट्यापाशी आणून उभी केली आणि म्हणाली, "हिला गिअर न्हाई, तवा तक्रार बी न्हाई. रोज थोडी फिरव." मला काही म्हणाली नाही. मला वाटलं, निदान मला विचारायचं तरी.

ती जायची त्या दिवशी मुलगा संध्याकाळी गाडी घेऊन येणार होता. सकाळी मी तिच्या वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवली. आमच्यात बोलणं पुन्हा सुरू झालं होतं असं नाही, पण दशम्यांना बोलावं लागत नाही. दुपारी दीपाली म्हणाली, केळी पण देऊ, प्रवासात बरी. बाळ ह्यांच्याजवळ झोपलं होतं. तिनं सायकल काढली आणि कॅरिअरवर हात आपटला. "आई, बसा मागं."

"मी? मोडंल ती."

"नाही मोडत. बसा हो."

मी बसले. या वयात, भर दुपारी, सुनेच्या मागं. आधी मी सीटचा दांडा धरला होता. पहिल्याच खड्ड्यात भ्यायले आणि तिच्या कमरेला मिठी मारली. ती मोठ्यानं हसली, अगदी ते भिंतीपलीकडचं हसणं. मीही हसले. बाजारातून येताना मी केळी मांडीवर धरून, गाल तिच्या पाठीला टेकवून बसले होते. मला इतकं बरं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

आळीच्या तोंडाशी गाडी समोरून आली. ठकूताईच्या मुलाची शिफ्ट बदलली म्हणून तो दुपारीच आला होता आणि घाईत निघाला होता. आळी अरुंद, म्हणून गाडी आमच्याजवळ येऊन थांबली, दीपालीनंही पाय टेकवले. मागच्या सीटवर, बोचक्यांच्या मधे ठकूताई बसली होती. काच खाली होती.

तिनं आधी सायकल बघितली. मग दीपालीला. मग दीपालीच्या कमरेभोवतीचा माझा हात. ती तिथंच बघत राहिली. ती नजर कशाची आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती नजर माझी होती, माझ्या खिडकीतली, इतक्या वर्षांची. ठकूताईच्या चेहऱ्यावर ती कधी येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी तर तिची वाटच बघत होते. फ्रीज दाखवून, पाटल्या दाखवून जे मिळालं नाही ते मला त्या अरुंद आळीत मिळालं. मला ते नको झालं. मी हात काढून घेतला.

"दशम्या घरातच हायेत, ताई," मी म्हटलं. "थांब की जरा."

"त्याला कामावर जायचंय," ती म्हणाली. दीपालीनं खिडकीतून हात आत घातला, तो ठकूताईनं दोन्ही हातांत घेतला आणि सोडला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुमे, हात नको काढू. नीट धरून बस."

मुलानं गाडी पुढं घेतली. ती मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो. दीपाली डोळे पुसत होती. केळी माझ्याच हातात राहिली होती.